पझल अर्ध्यावर येऊन का फुटतं

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी २५ वर्षांची, बीए झालेली, तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसून दोन वर्षं बँकेची तयारी करतेय. आयबीपीएस, म्हणजे बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था, तिच्या क्लार्क आणि पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) अशा दोन्ही प्रिलिम, म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षा, दोन-दोनदा दिल्या. इंग्लिश आणि क्वांट (गणित) निघतं पण रीझनिंगला (तर्काच्या प्रश्नांना) दरवेळी अडकते, आणि रीझनिंगमध्ये पण नेमकी पझल आणि सीटिंग अरेंजमेंटला, म्हणजे दिलेल्या अटींवरून कोण कुठे बसलंय किंवा राहतंय ते शोधायच्या कोड्यांना. ती लिहिते, "व्हिडिओत सर सोडवतात तेव्हा सगळं कळतं. स्वतः बसले की अर्ध्यापर्यंत मस्त जातं आणि मग शेवटची एखादी अट बसतच नाही. सगळं खोडून परत सुरू करते, तोवर सहा-सात मिनिटं गेलेली असतात." मैत्रीण म्हणते हे लॉजिक जन्मापासून असावं लागतं, सायन्सवाल्यांना जमतं. घरून सांगितलंय की हे शेवटचं वर्ष. पझल पूर्ण सोडून बाकीच्यावर भर देऊ, का नवीन क्लास लावू, का हा नादच सोडू आणि यंदा फॉर्मच भरू नको, असे तिचे प्रश्न आहेत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि खरं सांगते, तुझं उत्तर तुझ्याच एका वाक्यात आहे. "अर्ध्यापर्यंत मस्त जातं आणि शेवटची अट बसत नाही." ज्याला लॉजिक जमतच नाही ना, त्याचं पझल अर्ध्यापर्यंत जात नाही गं. तो पहिल्या-दुसऱ्या वाक्यालाच अडकतो, त्याला चौकटच काढता येत नाही. तुझी चौकट निघते, चार-पाच जण बसतात, आणि मग फुटतं. म्हणजे बिघाड कुठेतरी सुरुवातीला झालेला असतो आणि तो तुला शेवटी दिसतो. हे डोकं कमी असण्याचं लक्षण नाहीये, ही एक सवय आहे आणि सवय बदलता येते, म्हणून आधी ती नीट बघू, क्लास-बिस नंतर.

सोपं उदाहरण घेते, मीच बनवलंय. सात मजल्यांची बिल्डिंग, सगळ्यात खालचा मजला १ आणि वरचा ७. क, ख, ग, घ, च, छ, ज असे सात जण, एका मजल्यावर एक. अटी अशा दिल्यात: छ हा ज च्या वर कुठेतरी राहतो. ख आणि क यांच्यामध्ये एकच मजला आहे आणि ख वर आहे. च हा चौथ्या मजल्याच्या वर, विषम मजल्यावर राहतो. च आणि ग यांच्यामध्ये दोन मजले आहेत. ग च्या लगेच वर घ राहतो. ज सम मजल्यावर राहत नाही. बस एवढंच. पुढचं वाचायच्या आधी कागद घे आणि स्वतः सोडव, खरंच घे, मी थांबते.

आता बघ काय होतं. पहिली अट वाचून काही हाती लागत नाही, छ वर आहे पण किती वर ते माहीत नाही, तिला सोडून द्यायचं. सुरुवात होते ती च पासून, कारण त्याच्याकडे दोनच जागा आहेत, ५ किंवा ७. आणि इथे, अगदी याच जागी तू घसरतेस असं मला वाटतं. आपलं मन म्हणतं चला ७ ठेवून बघू, वरचा मजला, छान कोपरा आहे. ठेवला. मग ग चौथ्यावर आला, घ पाचव्यावर. उरले १, २, ३ आणि ६, त्यात ख-क ला एक मजला सोडून बसवायचंय तर ख तिसऱ्यावर आणि क पहिल्यावर, दुसरी जागाच नाही, किती मस्त बसलं! आता उरले २ आणि ६. छ वर म्हणजे छ सहाव्यावर, ज दुसऱ्यावर. सगळे सात बसले. आणि मग शेवटची अट वाचते, ज सम मजल्यावर राहत नाही. फुटलं.

हेच होतं ना तुझं? तू लिहिलंयस ते शब्दाला शब्द हेच आहे.

आता दुसरी बाजू. च पाचव्यावर ठेवला तर ग दुसऱ्यावर, घ तिसऱ्यावर. उरले १, ४, ६, ७. ख सहाव्यावर, क चौथ्यावर. उरले १ आणि ७, दोन्ही विषम, ज पहिल्यावर, छ सातव्यावर. झालं. खालून वर वाचलं तर ज, ग, घ, क, च, ख, छ.

यात कुठे फार बुद्धी लागली सांग बरं. पाचवीतलं पोर पण करेल असं एकेक पाऊल आहे. फरक एकच, की च ला दोन जागा होत्या तेव्हा दोन्ही कागदावर मांडायच्या होत्या, शेजारी शेजारी, दोन उभे रकाने, आणि पुढची प्रत्येक अट दोन्हीकडे लावत जायची होती. मग "ज सम मजल्यावर नाही" हे वाक्य आलं की डावा रकाना सरळ काटायचा आणि उजवा आपोआप उरतो. एक फुली आणि काम संपलं. तू मात्र एकच रकाना काढतेस, कारण दोन काढणं म्हणजे वेळ जाईल असं वाटतं, आणि मग ते वाचवलेले वीस सेकंद तुला चार मिनिटांना पडतात.

मागे एका मुलीने मला तिच्या मॉकच्या (सराव परीक्षेच्या) रफ कागदाचा फोटो पाठवला होता, तो अजून डोळ्यासमोर आहे. वरती एक टेबल, त्यावर पेनाने एवढ्या रेघा मारलेल्या की कागद फाटायला आलेला. त्याच्या खाली तेच टेबल परत. आणि पहिल्या टेबलात तिने सुरुवातीला जिथे जे नाव ठेवलं होतं ना, दुसऱ्यात पण तिथेच तेच नाव! म्हणजे सगळं खोडलं, परत सुरू केलं, आणि परत त्याच वाटेने गेली, कारण कुठून चुकलो हे कागदावर कुठे लिहिलेलंच नव्हतं. तिला मी एवढंच सांगितलं की जिथे जिथे तू स्वतःहून निवड करतेस, अटीने सांगितलं नसताना, तिथे त्या घराला गोल कर. गोल म्हणजे हे माझं आहे, पेपरवाल्याचं नाही. फुटलं की सगळं खोडायचं नाही, शेवटच्या गोलापर्यंत मागे जायचं आणि तिथली दुसरी जागा धरायची. तू पण हे करून बघ, उद्यापासूनच.

मैत्रिणीचं म्हणणं मला पटत नाही आणि ते तू मनातून काढून टाक. पझलला गणित लागत नाही, फिजिक्स लागत नाही, त्यात सायन्सवाल्यांना मिळालेलं असं काहीच नाहीये. लागतो तो हिशोबनीसपणा. जे सांगितलंय तेवढंच लिहायचं, जे सांगितलं नाही ते मोकळं ठेवायचं, आणि दोन शक्यता असतील तर दोन्ही जिवंत ठेवायच्या. बँकेत काउंटरला बसल्यावर पण हेच करायचंय, आकडा जुळत नसेल तर ओढून ताणून जुळवायचा नाही, फरक कुठून आला ते शोधायचं.

आता व्हिडिओंबद्दल, कारण तिथे तुझी दोन वर्षं गेलीत असं दिसतंय. व्हिडिओत सगळं कळतं कारण सरांनी ते आधी सोडवलेलं असतं. कुठल्या अटीपासून सुरू करायचं हे त्यांना माहीत असतं, ते थेट च वर बोट ठेवतात, आणि पझलमधलं सगळ्यात अवघड काम नेमकं तेच आहे, पहिलं बोट कुठे ठेवायचं. ते काम ते करतात, तू बघतेस, आणि वाटतं आपल्याला आलं. पोहणारा बघून पोहायला आल्यासारखंच ते. माझं स्पष्ट मत आहे की यापुढे एकही पझल आधी बघायचं नाही. आधी स्वतः, दहा मिनिटं लागली तरी चालतील, न सुटलं तरी चालेल, आणि मग व्हिडिओ लावायचा तो फक्त एक गोष्ट बघायला, की सरांनी कुठल्या अटीने सुरुवात केली आणि मी कुठल्या. ते कळलं की व्हिडिओ बंद, बाकीचं स्वतः पूर्ण करायचं. आणि जे पझल फुटलं होतं ते तीन-चार दिवसांनी कोऱ्या कागदावर परत सोडवायचं. रोज नवीन वीस करण्यापेक्षा रोज चार नवीन आणि दोन जुनी फुटलेली, हे मला जास्त फायद्याचं वाटतं.

सुरुवात कुठून करायची हे सांगायला सोपं आहे पण हाताला बसायला वेळ लागतो. ज्या अटीने एखाद्याला कमीत कमी जागा उरतात ती आधी. "अमुक चौथ्या मजल्यावर" असं थेट दिलं असेल तर विचारायलाच नको. तसं नसेल तर जिथे अंतर मोठं आहे ती अट बघ, कारण सात मजल्यांत मध्ये चार मजले सोडून दोघं बसवायचे म्हटलं तर मजल्यांच्या जोड्या दोनच उरतात, १-६ आणि २-७, तेच मध्ये एक सोडून म्हटलं तर पाच जोड्या. महिन्यांचं पझल असेल आणि ३० दिवसांचा महिना म्हटलं असेल तर तिथे उडी मार, कारण असे महिने चारच आहेत, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर, आणि पझलमध्ये दिलेल्या महिन्यांत त्यातले कधीकधी दोनच असतात. एकच नाव दोन-तीन अटींत येत असेल तर त्या अटी आधी एकमेकांना जोडून घे, वरच्या उदाहरणात च-ग आणि ग-घ जोडलं तसं, म्हणजे तिघांची एक साखळी तयार होते आणि अख्खी साखळी सरकवून बघता येते. आणि "नाही"वाल्या अटी, म्हणजे शेजारी नाही, सम नाही, टोकाला नाही, या सुरुवातीला निरुपयोगी वाटतात म्हणून आपण विसरतो, त्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेव आणि प्रत्येक पावलाला तिकडे एक नजर टाक. आपल्या उदाहरणात निकाल लावला तो अशाच अटीने.

एक शंका मला आहे ती पण विचारते. तू बीए मराठी माध्यमातून केलं असशील तर अटी इंग्लिशमधून वाचताना नक्की अर्थ लागतो का गं? कारण खूप मुलांचं मी बघितलंय, ते ज्याला लॉजिकची चूक म्हणतात ती भाषेची असते. "सेकंड टू द लेफ्ट ऑफ" यात "ऑफ"च्या नंतर जो आहे त्याच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि त्याच्या डावीकडे दोन मोजायचे, मुलं घाईत पहिल्या नावापासून मोजतात आणि सगळं आरसा धरल्यासारखं उलटं होतं. गोल टेबलाला सगळे केंद्राकडे तोंड करून बसले असतील तर डावा हात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो, बाहेर तोंड असेल तर उलट. दरवेळी मान वाकडी करून कल्पना करण्यापेक्षा हे एकदा पाठच करून टाक. आणि ते "जेवढे लोक अ आणि ब च्या मध्ये तेवढेच ब आणि क च्या मध्ये" टाइपचं वाक्य, ते आलं की थांबून मनात मराठीत म्हणायचं, मग लिहायचं. तुझ्या गेल्या दहा-पंधरा फुटलेल्या पझलमध्ये एकदा बघ, किती ठिकाणी वाक्यच चुकीचं वाचलं होतं. निम्मी तशी निघाली तर दुखणं वेगळं आणि औषध पण वेगळं.

आता पझल पूर्ण सोडून देण्याबद्दल. हा विचार का येतो ते कळतं मला, पण हिशोब मांडून बघ. क्लार्क प्रिलिमला रीझनिंगचे ३५ प्रश्न आणि २० मिनिटं, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास पझल-सीटिंगचे असतात. ते सगळे सोडले तर उरलेल्यात जवळपास एकही चूक परवडत नाही, कारण चुकलं की मिळणारा मार्क जातो आणि वर पाव मार्क कापला जातो. आयबीपीएसमध्ये प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ पण असतो, म्हणजे इंग्लिशचे जास्तीचे मार्क रीझनिंगच्या मदतीला येत नाहीत. आणि समजा निघालीच प्रिलिम, तरी तिचे मार्क शेवटी धरत नाहीत, पुढे मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, पझल आणखी जड असतात, तिथे काय करणार? म्हणून पूर्ण सोडणं हा पर्याय मला दिसत नाही. पण सगळी पझल सोडवायचा हट्ट पण नको, आणि तुझी दुसरी चूक मला तिथे वाटते.

वीस मिनिटं भागिले ३५ केलं तर एका प्रश्नाला ३४ सेकंद येतात. पाच प्रश्नांच्या एका सेटला तीन मिनिटांच्या जरा आत. तू एका फुटलेल्या पझलवर सात मिनिटं घालवलीस म्हणजे बारा प्रश्नांचा वेळ पाच प्रश्नांना दिलास आणि ते पाच पण मिळाले नाहीत. अडकलेलं पझल वेळेवर सोडायला शिकायचंय, सगळीच पझल नाही. मी तुला सांगेन की आधी असमानता, सिलॉजिझम (दोन-तीन विधानांवरून निष्कर्ष काढायचे प्रश्न), दिशा, नातेसंबंध असलं सुटं सुटं उरकून घे, सात-आठ मिनिटांत, तिथे हात बसला की मन शांत होतं. काही जण आधी पझल करा म्हणतात, त्यांना जमत असेल, पण तू ज्या मनस्थितीतून लिहितेयस त्यात पहिल्याच पझलला अडकलीस तर बाकीचा पेपर त्या धास्तीत जाईल. मग सगळे सेट फक्त वरवर वाच, सेटला दहा सेकंद, आणि निवड. माणसं किती आहेत हे दिलंय का, का "काही माणसं एका रांगेत" असं मोघम आहे? नुसते मजले आहेत का मजल्यासोबत रंग, गाव असं अजून एक काही जोडायचंय? थेट जागा सांगणाऱ्या अटी किती? यावरून कुठलं आधी ते कळतं. मोघम संख्यावाली रांग तू प्रिलिमला शेवटी ठेव.

आणि निवडलेलं पझल दोन मिनिटांत निम्मं पण बसलं नाही तर उठायचं, कितीही जीव अडकला तरी. पण उठताना हात रिकामे नको. आपलंच उदाहरण घे, दोन रकाने उघडे आहेत आणि शेवटची अट लागत नाहीये असं समज. तरी ग च्या लगेच वर कोण? दोन्ही रकान्यांत घ. क आणि ख च्या मध्ये कोण असं विचारलं तर मात्र एकीकडे ज आणि दुसरीकडे च येतो, म्हणजे पाच पर्यायांतले दोनच खरे स्पर्धेत उरले. अगदी आंधळा टिक मारला तर पाच पर्याय आणि पाव मार्काच्या कपातीत सरासरी फायदा शून्य होतो, पण तीन पर्याय खात्रीने काटले असतील तर दोनातला एक निवडणं फायद्याचं आहे. एकच रकाना काढणाऱ्याला हे काहीच मिळत नाही, त्याचं पझल एकतर पूर्ण सुटतं नाहीतर पूर्ण जातं.

सराव शक्यतो स्क्रीनवर वाचून कर, हे बारीक वाटेल पण आहे महत्त्वाचं. पुस्तकात आपण अटीखाली पेन्सिलीने रेघ मारतो, वापरलेल्या अटीला टिक करतो. परीक्षेत प्रश्न कॉम्प्युटरवर आणि हातात फक्त रफ कागद, त्यामुळे कुठली अट वापरली, कुठली राहिली हे हरवतं आणि तीच तीच अट चारदा वाचली जाते. त्यासाठी अट लागली की तिचा नंबर कागदावर लिहायचा, १, ३, ४ असा. सहा अटींचं पझल आणि कागदावर पाचच नंबर दिसले तर राहिलेली अट शोधायला दोन सेकंद लागतात.

नवीन क्लास लावू का, तर माझं उत्तर आत्ता नको असं आहे. तुला शिकवण कमी पडली नाहीये, स्वतः बसणं कमी पडलंय. ते पैसे टेस्ट सिरीजला घाल, नाहीतर राहू दे. हां, अभ्यासिकेत अजून कोणी बँकेची तयारी करणारं असेल तर त्यांच्यासोबत आठवड्यातून एकदा बसा, एकाच पझलवर, आणि सोडवून झाल्यावर उत्तर जुळवण्याऐवजी एकमेकांचे रफ कागद बघा. दुसऱ्याने कुठून सुरुवात केली हे बघून जेवढं शिकायला मिळतं तेवढं दहा व्हिडिओंत मिळत नाही.

घरच्यांचं शेवटचं वर्ष आणि परीक्षेचं शेवटचं वर्ष यात फरक आहे, तोही घरी शांतपणे सांगून ठेव. क्लार्कला वयाची मर्यादा २८ आणि पीओला ३० आहे, आरक्षणात बसत असशील तर त्याहून जास्त. म्हणजे दार बंद झालेलं नाहीये. तरी मी असं म्हणणार नाही की पाच वर्षं बसून रहा, वडिलांची काळजी पण खरी आहे. पुढच्या दोन महिन्यांचे मॉकचे कागद तारखा टाकून जपून ठेव. पहिल्या आठवड्यात किती पझल सुटली, किती अर्ध्यावर फुटली, आणि आठव्या आठवड्यात किती, हे त्यांच्यासमोर ठेवता येईल. फुटण्याचं प्रमाण खाली येत असेल तर वडिलांना ते दिसेल, आणि येत नसेल तर तुलाही दुसरं काही बघायला हरकत नाही, त्यात कमीपणा काही नाही. पण तो निर्णय कागद बघून घे, मैत्रिणीच्या वाक्यावरून नको.

आणि फॉर्म भर. क्लार्कचा भरताना परीक्षेची भाषा विचारतात, आता क्लार्कची आणि ग्रामीण बँकांची परीक्षा मराठीतून पण देता येते, इंग्लिशचा विभाग सोडून. पीओला मात्र इंग्लिश आणि हिंदी एवढंच. मराठी निवडावी का हे घाईत ठरवू नको, कारण सरावाचं साहित्य बहुतेक इंग्लिशमध्ये आहे आणि स्क्रीनवरचं छापील मराठी आपल्या बोलण्यासारखं नसतं, इकडून तिकडे भाषा बदलत वाचण्यातच वेळ जातो. दहा पझल इंग्लिशमधून आणि दहा मराठीतून, घड्याळ लावून सोडव, जिथे वाक्य परत वाचावं लागत नाही ती भाषा फॉर्ममध्ये निवड.

मजल्यांचं उदाहरण दिलं होतं ते तू पहिल्यांदा सोडवलंस तेव्हा च कुठे ठेवला होतास, ५ ला का ७ ला, आणि त्याला गोल केला होता का, एवढंच मला लिहून कळव.